कोणाच्या हाताखाली शिकायचं?

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रासचा रेस ट्रॅक आहे. तिथे कुठल्याही ट्रॅक डेला जा, एक दृश्य हमखास दिसतं. लाख-सव्वा लाखाचा एक्झॉस्ट लावलेली, आवाजानेच अर्धा पॅडॉक मागे वळून बघेल अशी हजार सीसीची गाडी सरळ पट्ट्यात सगळ्यांना मागे टाकते. आणि पुढच्या तीन वळणांत दोनशे सीसीच्या अपाचेवरचा कॉलेजातला पोरगा आतल्या बाजूने घुसून निघून जातो. मोठ्या गाडीचा मालक पिटमध्ये येतो, टायरवर हात फिरवतो, सस्पेन्शनच्या नावाने बोटं मोडतो आणि पुढच्या महिन्यात आणखी एक पार्ट मागवतो.

हौशी रेसरचा पैसा साधारण याच वाटेने जातो. आधी एक्झॉस्ट, मग टायर, मग सस्पेन्शन, मग थेट मोठी गाडी. एवढं करूनही लॅप टाइम जागचा हलेना, की मग शाळेचं नाव निघतं. हा क्रम उलटा हवा, हे आता कुणीही सांगतं. पण नुसतं ‘एखादी शाळा कर’ म्हणून भागत नाही. शाळांच्या शिकवण्यात मूळ विचाराचेच फरक आहेत आणि तुमचा वेळ जिथे गळतोय तिथे बोट न ठेवणारी शाळा कितीही नावाजलेली असली तरी तुमच्या कामाची नाही. माझ्या मते शाळा निवडताना दोनच गोष्टी बघाव्यात: मी नेमका कुठे कमी पडतोय, आणि तिथे मला बघणारं कुणी असणार आहे का. बाकी सगळं यांच्या मागून येतं.

पहिला घोटाळा ट्रॅक डे आणि शाळा एकच समजण्याचा. ट्रॅक डे म्हणजे मोकळी जागा भाड्याने घेणं. पैसे भरले, गाडीची तपासणी झाली, की वीस-वीस मिनिटांची सेशन्स मिळतात. समोरून ट्रक येत नाही, कुत्रं आडवं जात नाही, झेंडे घेऊन मार्शल उभे असतात. मनसोक्त गाडी चालवायला याहून चांगली जागा नाही. पण जरा हिशेब करा. मद्रासची एक फेरी ३.७ किलोमीटरची, वळणं १२. तीनशे सीसीच्या गाडीवर नवख्याला फेरीला अडीच मिनिटं धरली तर एका सेशनमध्ये आठ फेऱ्या, म्हणजे ९६ वळणं. दिवसात अशी पाच सेशन्स झाली तर पाचशेच्या घरात वळणं होतात. कुणी बघायला नसेल तर जी खोड सकाळी होती तीच संध्याकाळपर्यंत पाचशे वेळा घोटून पक्की होते. नुसते ट्रॅक डे करत राहिलेले लोक पहिल्या वर्षी झपाट्याने सुधारतात आणि मग वर्षानुवर्षं तिथेच राहतात, त्याचं हे कारण.

शाळेची चौकशी सुरू करण्याआधी म्हणूनच एक काम घरचं. आपला वेळ जातो कुठे? सरळ पट्ट्यात जातो असं सगळ्यांना वाटतं, कारण तिथे आपल्याला कुणीतरी मागे टाकताना डोळ्यांना दिसतं. खरी गळती ब्रेकच्या जागी आणि वळणाच्या तोंडाशी असते. समजा, ताशी १५० वरून ८० वर यायचं आहे. पुढचा ब्रेक ठामपणे दाबणारा, म्हणजे गुरुत्वाच्या ०.९ पट मंदन मिळवणारा, सुमारे ७० मीटरमध्ये हे काम उरकतो. थोडा भीत दाबणारा ०.७ पटीवर राहतो आणि त्याला ९० मीटर लागतात. हा २० मीटरचा फरक म्हणजे एकापुढे एक लावलेल्या दहा गाड्या, तोही एकाच वळणाआधी. वळणातलं गणितही असंच बोलकं आहे. ३० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ६० ने घ्यायचं तर साधारण ४३ अंशांचा कल लागतो. ५५ ने घेतलं तर ३८ अंश पुरतात. गाडी झोपवायची भीती वाटते तो नकळत पाच किलोमीटर कमी वेगाने आत शिरतो आणि बाहेर पडेपर्यंत तो तोटा ओढत राहतो.

आपण यातले कोण, हे शोधायला डेटालॉगर लागत नाही. मित्राला फोन देऊन एखाद्या वळणाबाहेर, कुंपणामागे उभं करायचं आणि चार फेऱ्यांचा व्हिडिओ घ्यायला सांगायचा. संध्याकाळी तो व्हिडिओ आधी डोळे मिटून ऐकायचा. चांगल्या रायडरचा आवाज सलग असतो: इंजिन उतरत येतं, गिअर पडतात, आणि उतरणं संपतं न संपतं तोच पुन्हा हळूहळू चढायला लागतं. हौशी रायडरच्या आवाजात मध्येच एक खड्डा ऐकू येतो. ब्रेक सोडलाय, थ्रॉटल अजून उघडलेला नाही, गाडी नुसतीच घरंगळतेय. हा खड्डा कधी अर्ध्या सेकंदाचा असतो, कधी दीड सेकंदाचा. आता डोळे उघडून बघा. त्या वेळात रायडरचं डोकं बहुतेक वेळा पुढच्या चाकासमोरच्या डांबराकडे झुकलेलं असतं, आणि कोपरं ताठ. एवढं हाताशी आलं की शाळेला विचारायचे प्रश्न आपोआप सुचतात.

आता शाळांकडे वळू. आज जगात जे काही पद्धतशीर शिकवलं जातं त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी एक माणूस आहे, कीथ कोड. त्यांनी १९८० साली अमेरिकेत कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल काढलं. त्याआधी रेसर शिकायचे ते पडून, नाहीतर वेगवान माणसाच्या मागे गाडी लावून. कोड यांनी वळण घेण्याच्या कृतीचे तुकडे पाडले आणि एकेक तुकडा वेगळा काढून शिकवायला घेतला. त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत वेन रेनी होता. तो पुढे १९९०, १९९१ आणि १९९२ असा सलग तीन वर्षं पाचशे सीसीचा जगज्जेता झाला. कोड यांचं ‘अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट’ १९८३ मध्ये आलं आणि त्याचा दुसरा भाग १९९३ मध्ये. फार गोड वाचनीय पुस्तकं नाहीत ती, पण हौशी रेसरच्या कपाटात या दोन पुस्तकांच्या पिवळ्या पडलेल्या प्रती किंवा झेरॉक्स हमखास सापडतात.

या शाळेचा अभ्यासक्रम चार लेव्हलचा आहे, एका दिवसाला एक लेव्हल. दिवसात पाच धडे. प्रत्येक धडा आधी वर्गात फळ्यावर, लगेच ट्रॅकवर, आणि उतरल्या उतरल्या कोचशी बोलणं. एका धड्यात एकच गोष्ट. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, ही एक करा. पहिल्या धड्याला चौथा गिअर टाकायचा आणि ब्रेक लावायचा नाही. वेगाच्या नशेत आलेल्या माणसाला हे ऐकून आपले पैसे पाण्यात गेले असं वाटतं. दोन फेऱ्यांतच खरी गोष्ट उघड होते: ब्रेक नाही म्हटल्यावर वळणाच्या वेगाचा अंदाज आपल्यालाच आधी घ्यावा लागतो, आणि आजवर तो आपण कधी घेतलाच नव्हता, भीती वाटेल तेव्हा ब्रेक दाबत होतो, एवढंच. अंदाज बरोबर आला की वळणात थ्रॉटल सावकाश आणि अखंड उघडत राहता येतो. तसं केलं की वजन थोडं मागे सरकतं, पुढच्या टायरवरचा भार हलका होतो, सस्पेन्शन आपल्या मधल्या, आरामाच्या जागी येतं आणि गाडी रेषेवर टिकते. कोड यांच्या हिशेबाने वळणात सुमारे ४० टक्के भार पुढे आणि ६० टक्के मागे हवा, कारण मागचा टायर रुंद आहे.

पहिल्याच दिवसाचा आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. मोकळ्या फरसबंद जागेत कोच मध्यभागी उभा राहतो आणि विद्यार्थ्याने त्याच्याच दिशेने, डावी-उजवीकडे गाडी फेकत यायचं. कोच समोरून बघतो. गाडी थांबते. कोच काही न बोलता विद्यार्थ्याचं मनगट धरतो आणि कोपर खाली दाबतो. ते लाकडासारखं कडक. पुन्हा जा. या वेळी कोपरं खाली, हात सैल, आणि ज्या बाजूला वळायचं त्याच बाजूचं हँडल पुढे ढकलायचं. उजवीकडे वळायला उजवं हँडल पुढे ढकलायचं, म्हणजे क्षणभर चाक डावीकडे फिरवायचं, हे डोक्याला पटत नाही. ते पटवायला या शाळेने एक खास गाडीच बनवली. तिला नेहमीच्या हँडलच्या वर आणखी एक हँडल आहे, थेट चासीला जखडलेलं, हलत नाही असं. थ्रॉटल त्यावरही आहे. ते धरून गाडी चालवा आणि नुसत्या अंगाच्या झोकाने वळवून दाखवा. लोक सीटवरून लटकतात, पेग दाबतात, घाम गाळतात. गाडी जराशी डुलते आणि जवळजवळ सरळच जात राहते. अंग झुकवल्याने गाडी वळते हा समज घेऊन आलेला माणूस त्या गाडीवरून उतरतो तेव्हा त्याला आणखी व्याख्यान द्यावं लागत नाही.

ही शाळा २०१० पासून टीव्हीएस रेसिंगच्या सोबतीने मद्रासच्या ट्रॅकवर भरू लागली, त्यामुळे आपल्याकडच्या रायडरला त्यासाठी अमेरिका गाठायची गरज उरली नाही. पुणे-मुंबईचे लोक गाड्या टेम्पोत घालून किंवा रेल्वेच्या पार्सलने पाठवून तिथे जात आले आहेत.

दुसरा पंथ फ्रेडी स्पेन्सरच्या वाटेने आला. स्पेन्सरने १९८५ साली अडीचशे आणि पाचशे सीसी या दोन्ही गटांचं जगज्जेतेपद एकाच हंगामात मिळवलं. पुढे त्याने लास वेगासला शाळा काढली. तिथे शिकवणाऱ्या निक इनाच यांनी नंतर यामाहा चॅम्पियन्स रायडिंग स्कूल उभं केलं. या पंथाचा जीव आहे ब्रेकमध्ये. वळणाआधी ब्रेक पूर्ण सोडून द्यायचा नाही. गाडी झोपवत असतानाच बोटांचा दाब हळूहळू कमी करत न्यायचा आणि वेग व दिशा दोन्ही मनासारख्या झाल्या की मगच सोडायचा. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. पुढचा ब्रेक थोडा लागलेला असला की फोर्क दबलेले राहतात, गाडीची पुढची भूमिती आखूड होते, गाडी आत यायला राजी होते. शिवाय वेग उतरत असल्यामुळे तेवढ्याच कलात वळणाची त्रिज्या लहान होत जाते. वळण अपेक्षेपेक्षा आवळत गेलं तरी हातात काही शिल्लक असतं.

हे ऐकून आपल्याकडचा रायडर दचकतो, कारण आपल्याला सायकलपासूनच बजावलेलं असतं: वळणावर पुढचा ब्रेक दाबू नकोस, पडशील. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. टायरच्या पकडीचा हिशेब बेरजेचा नसून वर्गांच्या बेरजेचा आहे, शाळेतल्या काटकोन त्रिकोणासारखा. एकूण पकड १०० धरली आणि वळण्यासाठी ८० खर्च झाली, तर ब्रेकसाठी २० उरत नाहीत, ६० उरतात. कारण ८० चा वर्ग ६४००, १०० चा १०,०००, आणि उरलेल्या ३६०० चं वर्गमूळ ६०. वळणात ९५ खर्च केले तरी ब्रेकला ३१ उरतात. म्हणजे दाबायला जागा आहे. जागा नाही ती हिसका द्यायला. ‘पडशील’ म्हणणारे वडीलधारे ज्यांना पडताना बघत आले, ते घाबरून मूठ आवळणारे होते.

दोन्ही पंथांचे अनुयायी एकमेकांशी गुरुबंधूंसारखे कमी आणि वारकऱ्यांच्या दोन फडांसारखे जास्त वागतात. पुढचा टाळ कुणी वाजवायचा यावरून वाद. प्रत्यक्षात मोठी शर्यत जिंकणारा प्रत्येक रायडर दोन्ही करतो. प्रश्न फक्त आधी काय शिकायचं हा आहे, आणि इथे माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्या आवाजात तो खड्डा ऐकू येतो, ज्याची नजर जवळ पडते आणि कोपरं ताठ असतात, त्याने आधी कोड यांच्या पद्धतीची पहिली लेव्हल करावी. त्याच्या हातात ब्रेकचं नाजूक काम देणं घाईचं आहे. ज्याला त्याच खुणेवर, त्याच वेगाने, दहाच्या दहा फेऱ्या पोचता येतं, पण पुढच्याला ब्रेकच्या जागी गाठता येत नाही, त्याने ट्रेल ब्रेकिंग शिकवणारा कोच गाठावा. आणि दोन्ही शाळा एकाच महिन्यात करू नयेत. एक सांगतो ब्रेक सोडून वळ, दुसरा सांगतो धरून वळ. दोघांचं अर्धवट ऐकलेला रायडर वळणाच्या तोंडाशी विचार करत बसतो, आणि तिथे विचाराला वेळ नसतो.

तिसरा मार्ग मातीचा. डांबरावर लवकर सुधारायचं असेल तर मातीत जा, हे विचित्र वाटेल, पण त्याला मोठी परंपरा आहे. १९७८ मध्ये पाचशे सीसीचा पहिला अमेरिकन जगज्जेता झालेला केनी रॉबर्ट्स मूळचा डर्ट ट्रॅकचा. कॅलिफोर्नियातल्या आपल्या रँचवर तो पुढच्या पिढीच्या रेसरांना शंभर सीसीच्या छोट्या गाड्यांवर मातीत गोल गोल फिरवायचा. व्हॅलेंतिनो रॉस्सीने इटलीत ताव्हुल्लियाला तेच केलं. त्याच्या अकादमीची मुलं तिथल्या मातीच्या ट्रॅकवर एकमेकांशी भिडत वाढली, आणि त्यातल्या फ्रांचेस्को बन्याइयाने २०२२ आणि २०२३ ची मोटोजीपी जिंकली. मातीत काय होतं? टायर सतत घसरतात. डांबरावर मागचं चाक सुटणं ही वर्षातून एकदा घडणारी भयंकर गोष्ट असते आणि ती घडते ताशी शंभरला. मातीत ती दर वळणाला घडते, ताशी तीसला. दुपारपर्यंत शरीर घाबरायचं थांबतं. थ्रॉटल झटकन बंद केला की गाडी कशी उसळून रायडरला वर फेकते, आणि जागच्या जागी धरला की कशी सावरते, हे सांगून समजत नाही. पडलात तर कपडे झटकून उठता. लिव्हर वाकतं, फार तर.

आपल्याकडे रॉयल एनफिल्डने हिमालयनवर बेतलेल्या एफटी ४११ गाड्या घेऊन स्लाइड स्कूल सुरू केलं, ते याच धर्तीचं. डकार रॅली गाठणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष यांचा बिग रॉक डर्ट पार्क कर्नाटकात आहे. आणि पुणे-नाशिककडच्या माणसाला मातीचं वावडं असण्याचं कारणच नाही. आपल्याकडे मोटोक्रॉस बघायला माणसं लोटतात. २०२४ च्या जानेवारीत सुपरक्रॉस लीगची पहिलीच फेरी पुण्यात बालेवाडीला झाली होती. डांबराचे नावाजलेले रेस ट्रॅक चेन्नई, कोइमतूर किंवा ग्रेटर नोएडाला, आणि माती मात्र घराजवळ, अशी आपली भौगोलिक स्थिती आहे. कोल्हापूरला मोहित्यांचा गो-कार्टिंग ट्रॅक आहे. अशा छोट्या ट्रॅकवर मोटरसायकल घालू देतात का आणि कधी, ते विचारून घ्यावं. अरुंद ट्रॅकवर दीडशे सीसीच्या गाडीने तासाभरात जेवढी वळणं पदरात पडतात तेवढी मोठ्या ट्रॅकवर अख्ख्या सकाळीही पडत नाहीत. ज्याच्या खिशाला चेन्नईची वारी वर्षातून एकदाच झेपते, त्याने उरलेलं वर्ष मातीत आणि अशा ट्रॅकवर काढावं. मला विचाराल तर हौशी रेसरच्या पैशाला सर्वांत जास्त फळ इथे आहे, आणि सर्वांत कमी लोक इथे जातात, कारण इथले फोटो तितके देखणे येत नाहीत.

उरल्या कंपन्यांच्या वन-मेक शर्यती. टीव्हीएसची १९९४ पासून आहे, रॉयल एनफिल्डचा काँटिनेंटल जीटी कप २०२१ मध्ये सुरू झाला. सगळ्यांना सारखीच गाडी, आयोजकांचीच, त्यामुळे सबब सांगायला जागा नाही. निवड चाचणीतून आत गेलात तर शाळा जे शिकवत नाही ते इथे मिळतं: रांगेतून सुटणं, पहिल्या वळणात चौदा गाड्यांबरोबर घुसणं, पुढच्याला ओलांडणं, पिवळा झेंडा दिसल्यावर मोह आवरणं. शाळेत दुसऱ्याला ओलांडण्याचे नियम मुद्दाम सैल अंतराचे ठेवलेले असतात, म्हणून नुसत्या शाळा केलेला रायडर एकटा असताना झकास आणि गर्दीत गोंधळलेला असतो. शर्यतीसाठी एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचं लायसन्स आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. चेन्नईचे राष्ट्रीय विजेते रजिनी कृष्णन यांच्यासारख्या रेसरांच्या अकादम्या ही मधली पायरी भरून काढतात. त्या थेट शर्यतीसाठी तयारी करून घेतात.

शाळा कुठलीही असो, फोनवर विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. एका कोचकडे किती विद्यार्थी? तीन-चार ठीक, सहाच्या वर गेले की कोच तुम्हाला दिवसातून दोनदा ओझरतं बघतो. कोच माझ्या मागे आणि पुढे, दोन्हीकडे गाडी चालवतो का? उतरल्यावर किती वेळात बोलतो? दहा मिनिटांत बोलला तर अंगात ते वळण अजून ताजं असतं. जेवणानंतर बोलला तर फक्त शब्द उरतात. विद्यार्थ्यांचे गट वेगानुसार पाडता का? पाऊस आला तर काय? अँब्युलन्स ट्रॅकवर उभी असते की फोन केल्यावर येते? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा अडखळला तर फोन ठेवून द्यावा.

कोचचे चषक मात्र मोजत बसू नका. वेगवान माणूस बहुतेक वेळा स्वतः काय करतो हे त्याला सांगता येत नाही. तो ते करतो, बस. चांगला कोच एका सेशननंतर तुम्हाला एकच गोष्ट सांगतो आणि ती तुमच्याबद्दलची असते. ‘जरा आणखी जोर लाव’, ‘विश्वास ठेव’, ‘टायर धरतो’ हे सांगणं शिकवणं नव्हे. त्यातलं तिसरं तर धोकादायक आहे. आणि जाहिरातीत गुडघा टेकवून देण्याची हमी असेल तर तिथे जाऊच नये. अंग आत झुकवलं की तेवढ्याच वेगाला गाडी कमी झोपवावी लागते, यासाठी गुडघा बाहेर येतो. तो जमिनीला लागणं हा झुकण्याचा परिणाम आहे. फोटोसाठी गुडघा शोधणारे रायडर कमी वेगात गाडी गरजेपेक्षा जास्त झोपवतात आणि झोपलेल्या बाजूनेच पडून, त्याच फोटोग्राफरसमोर, घसरत जातात.

गाडी स्वतःची न्यायची की शाळेची घ्यायची? पहिल्यांदा शाळेचीच घ्या, मिळत असेल तर. आपल्या नेहमीच्या वाहन विम्यात वापराच्या अटींत संघटित शर्यती, वेगचाचणी वगैरे सरळ वगळलेलं असतं. ट्रॅकवर गाडी घातली तर खर्च खिशातूनच भरायचा. हे डोक्यात असलं की हात सैल सुटत नाहीत, आणि सैल हात शिकायलाच तर आलोय. शाळेच्या गाडीचं नुकसान झालं तर किती भरावं लागेल ते मात्र आधी लिहून घ्या. लेदर सूट भाड्याने मिळाला तरी हेल्मेट, ग्लोव्हज आणि बूट आपल्या मापाचे, आपले असावेत. आदल्या रात्री गाडी चालवत चेन्नई गाठू नये. पुण्याहून ते बाराशे किलोमीटर आहे, आणि तिथल्या दमट उकाड्यात झोप न झालेला माणूस तिसऱ्या सेशनलाच रिकामा होतो. चूक नेहमी चौथ्या-पाचव्या सेशनमध्ये होते. अंग थकलेलं असतं आणि आत्मविश्वास नुकताच आलेला असतो. शेवटचं सेशन सोडून देण्यात कमीपणा नाही.

परतल्यावरच्या पहिल्या ट्रॅक डेला लॅप टाइम सहसा वाढतो. जुनी सवय मोडलेली असते आणि नवी अजून अंगवळणी पडलेली नसते. डोकं मध्ये लुडबुड करतं. इथे पुष्कळ जण घाबरून जुन्या पद्धतीकडे जातात आणि शाळेत दम नव्हता म्हणून सांगत फिरतात. त्यापेक्षा घड्याळ मित्राच्या खिशात टाकावं आणि एका सेशनला एकच धडा घ्यावा: हे सेशन फक्त नजर, पुढचं फक्त हात. प्रत्येक वेळी उतरलं की दोन ओळी लिहाव्यात, कुठल्या वळणावर जमलं आणि कुठे नाही. मग पुन्हा तोच मित्र, तोच फोन, तेच वळण, आणि डोळे मिटून ऐकणं. पुढच्या लेव्हलचे पैसे भरायची वेळ येईल तेव्हा ही वही काढून बघा. निम्मी वळणं अजून जुन्याच पद्धतीने घेत असाल, तर तेवढ्या पैशांत मातीतले बरेच दिवस होतात.